अर्ध्या मिलिमीटरचा घोळ: डोळ्याला न शिवता मापणारी तीन यंत्रं, आठ महिन्यांनंतर

सोलापुरात एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कुठल्या नंबरची लेन्स बसवायची हे ठरवायला आधी डोळ्याची मापं घ्यावी लागतात. आमच्या मापाच्या खोलीत जुनं पार्शल कोहिरन्सचं बायोमीटर (प्रकाशकिरणाने डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र), शायम्प्फ्लुग कॅमेरा (डोळ्याच्या पुढच्या भागाचे छेद टिपणारा) आणि आठ महिन्यांपूर्वी आलेलं स्वेप्ट सोर्स बायोमीटर (तेच काम तरंगलांबी बदलत जाणाऱ्या किरणाने करणारं) अशी तीन यंत्रं शेजारी शेजारी आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. फरक पडतो तो पद्धतीमुळे.

नवं यंत्र आलं तेव्हा विकणारा म्हणाला, "मॅडम, आकडे सगळीकडे सेमच येतात." पहिल्या आठवड्यातच एका आजोबांच्या पुढच्या कप्प्याची खोली, म्हणजे पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) ते आतलं भिंग हे अंतर, बायोमीटरवर ३.२१ मिलिमीटर आली आणि कॅमेऱ्यावर २.६८. आधी वाटलं, आजोबा हलले. तीनदा घेतलं, पुन्हा तेच. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरले तेव्हा कळलं, तिथे खोली पारपटलाच्या आतल्या पृष्ठापासून मोजली जात होती आणि बायोमीटर बाहेरच्या पृष्ठापासून मोजत होतं. मधली जाडी ५३० मायक्रॉन, म्हणजे हिशोब चोख. दोन्ही यंत्रं खरंच बोलत होती. पण लेन्सचा नंबर काढणाऱ्या हायगिससारख्या सूत्रात बाहेरून मोजलेली खोली लागते. तिथे २.६८ गेला असता तर लेन्सचा नंबर चुकला असता. तेव्हापासून प्रत्येक प्रिंटआउटवर मी लाल पेनाने 'आतून' किंवा 'बाहेरून' लिहिते.

पारपटलाच्या वक्रतेचे आकडे निरोगी डोळ्यात तिन्हींचे जवळपास जुळतात. तरी एकाच पेशंटच्या फॉलोअपला यंत्र बदलायचं नाही, हा आमचा नियम.

जुन्या बायोमीटरचा ७८० नॅनोमीटरचा किरण पिकलेल्या मोतीबिंदूत अडतो. आमच्याकडे अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणारी बरीच मंडळी दिसेनासं झाल्यावरच येतात, त्यामुळे ही अडचण रोजचीच. स्वेप्ट सोर्सचा किरण १०५० नॅनोमीटरच्या आसपासचा, तो जास्त आत पोचतो. शिवाय डोळ्याचा लांबीतला छेद दिसतो, त्यात फोव्हियाचा (दृष्टिपटलावरच्या सगळ्यात स्पष्ट नजरेच्या जागेचा) खड्डा दिसला की पेशंट नीट दिव्याकडे बघत होता हे समजतं. मोतीबिंदू पांढराफट्ट असेल तर मात्र अजूनही ए-स्कॅनच (डोळ्याला टोकणी टेकवून अल्ट्रासाऊंडने घेतलेलं माप) काढावा लागतो. त्याची टोकणी डोळ्यावर दाबली गेली तर लांबी कमी येते, आणि १ मिलिमीटरची चूक म्हणजे लेन्सच्या नंबरात साधारण अडीच-तीन डायॉप्टरचा फटका.

कॅमेऱ्यावर माझा जीव आहे. १९०४ साली थिओडोर शायम्प्फ्लुग या ऑस्ट्रियन सैनिकी अधिकाऱ्याने आकाशातून घेतलेल्या फोटोंची वाकडी चौकट सरळ करण्यासाठी पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर हा डोळ्याभोवती फिरतो. साधारण दोन सेकंदांत पारपटलाची मागची बाजूही देतो. सतत डोळे चोळणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाची पुढची बाजू ठीकठाक वाटत होती, मागचा फुगवटा यानेच दाखवला. केराटोकोनसची, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराची, सुरुवात. काचबिंदूसाठी पारपटल आणि डोळ्याचा रंगीत पडदा यांच्यामधला कोन मात्र याच्यावर विसंबून बघू नका. याचा निळा प्रकाश पारपटलाच्या कडेलाच विखुरतो, तिथे १३१० नॅनोमीटरचं अँटिरियर ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचे छेद अवरक्त प्रकाशाने घेणारं यंत्र) हवं. ते आमच्याकडे नाही.

पण यंत्र कुठलंही असो, खरी लढाई अश्रूंच्या थराशी. एका आजींचे वक्रतेचे आकडे दर वेळी वेगळे. मराठी समजत नव्हतं, मी मोडक्या कानडीत "कण्णु तेगीरी" (डोळे उघडा) म्हटलं, तर त्यांनी डोळा ताणून उघडला तो मिनिटभर मिटेचना! तोवर पृष्ठ पार सुकलं. आता आधी दोनदा मिटायला सांगते, मग उघडायला, आणि लगेच बटण. बाहुली मोठी करायचे थेंब, ए-स्कॅन, डोळ्याला टेकवून दाब मोजणं, हे सगळं मापानंतर.

मेमधल्या बेचाळीस अंशांत मी मापाच्या खोलीतला पंखा बंद ठेवते. वारा थेट डोळ्यावर येतो. पेशंटचे नातेवाईक रोज भांडतात, आणि मी रोज माफी मागून तो बंदच ठेवते.