‘मोटर गेली’ म्हणून लावलेलं बिल

कॅननची ५० एमएम एफ/१.४ यूएसएम (म्हणजे आतल्या अल्ट्रासॉनिक मोटरने फोकस करणारी) ही १९९३ सालची लेन्स जुन्या बाजारात अजून भरपूर फिरते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाची ही लेन्स फोकस करताना एकाच जागी अडकायला लागली. दुकानदाराने शटर अर्धं दाबून आतली घरघर ऐकवली. ‘मोटर गेलीय साहेब, नवीन टाकावी लागेल.’ बिलावरही ‘मोटर बदलली’ असंच लिहिलं. काही दिवस लेन्स चालली, मग पुन्हा तिथेच अडकली. वर एफ/८ ला, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र लहान केल्यावर, फोटो जास्त उजळ येऊ लागले आणि कॅमेरा एरर ०१ दाखवू लागला.

दुसऱ्या कारागिराने ती उघडली तेव्हा मोटर जुनीच होती आणि आत पातळ तेल सोडलेलं होतं.

या लेन्सचं खरं दुखणं बहुतेकदा मोटर नसतंच. जवळचा फोकस घेताना पुढची नळी बाहेर येते. ती तशीच बाहेर ठेवून लेन्स बॅगेत कोंबली किंवा पुढून धक्का बसला, की आतल्या बाहीची खाच किंचित दबते. सरकणारी पिन तिथे अडते, मोटर जोर लावते आणि घरघरते. इलाज म्हणजे खाच सरळ करून घेणं किंवा ती बाही बदलणं. बॅगेत ठेवण्याआधी फोकस अनंतावर आणा आणि लेन्सच्या तोंडावरचं हूड (संरक्षक कडं) लावून ठेवा. हूड बाहेरच्या, न हलणाऱ्या नळीवर बसतो, त्यामुळे धक्का तो झेलतो.

तेलाने मात्र सगळंच बिघडतं. अल्ट्रासॉनिक मोटर चालते तीच घर्षणावर. पिझो सिरॅमिकच्या (वीज दिली की कंप पावणाऱ्या पदार्थाच्या) कंपनांनी स्टेटर हा न फिरणारा भाग थरथरतो आणि स्प्रिंगने त्याच्यावर दाबलेला रोटर हा फिरता भाग फिरतो. मध्ये तेल गेलं की पकड सुटते. तेच तेल ओघळून अॅपर्चरच्या, म्हणजे त्या छिद्राच्या, पात्यांवर गेलं की पाती चिकटतात, वेळेत मिटत नाहीत. जास्त उजळ फोटो आणि एरर, दोन्ही त्यामुळेच.

म्हणून दुकानात जाण्याआधी लेन्सवरचा स्विच एमएफवर (हाताने फोकस) टाका आणि रिंग हाताने हळू फिरवा. ठरावीक जागी अडकली तर दोष यांत्रिक आहे. सलग फिरली, पण एएफवर (ऑटोफोकस) लेन्स गप्प, तर आधी सोनेरी संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि लेन्स दुसऱ्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) लावून बघा. तिथेही गप्पच राहिली, तर मोटर किंवा फ्लेक्स केबलचा (आतल्या लवचीक वायरपट्टीचा) संशय घ्यायचा.

निकॉनमध्ये याहून निर्लज्ज प्रकार चालतो. ५० एमएम एफ/१.८डी या लेन्समध्ये मोटरच नाही. माउंटवरचा (लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कड्यावरचा) खाचेचा छोटा स्क्रू बॉडीतली मोटर फिरवते. डी३५०० किंवा डी५६०० या कॅमेऱ्यांच्या बॉडीत ती मोटर नाही, त्यामुळे कोरी करकरीत लेन्ससुद्धा तिथे ऑटोफोकस करणार नाही. तरी ‘मोटर खराब’ सांगून पैसे घेणारे आहेत! ती डी७२०० वर लावून बघा, नीट चालेल.

लेन्स देताना पावतीवर तिचा सीरियल नंबर आणि नेमकी तक्रार लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. घेताना लेन्स कॅमेऱ्यावर चढवून एफ/१६ ला सलग दहा-बारा फोटो काढा. उजेड कमी-जास्त दिसला तर पाती चिकटली आहेत. बिलावर नुसतं ‘सर्व्हिसिंग’ चालवून घेऊ नका, बदललेल्या भागाचं नाव हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करायची वेळ आली तर हीच कागदं लागतात.