घडीच्या सायकलची चेन: सवय की चेन गाईड?

रत्नागिरीहून कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात सायकल न्यायची तर घडी घालावीच लागते. आणि माझ्या 20 इंची चाकांच्या सायकलची घडी उघडली की बहुतेक वेळा चेन पुढच्या, पेडलजवळच्या दातेरी चक्रावरून उतरलेली. कारण साधं आहे. पुढे एकच चक्र, चेन धरून ठेवायला तिथे काहीच नाही, आणि घडी घालताना पेडल धक्क्याने उलटं फिरतं.

पहिला उपाय फुकटचा. मागे मधला गिअर टाकायचा, म्हणजे चेन सरळ रेषेत राहते. पेडल हवं तिथे पुढे फिरवूनच आणायचं, घडी घालताना क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, हात लावायचा नाही. काम होतं, पण गाडी फलाटावर शिरत असताना हे कोणाला आठवतंय!

दुसरा उपाय चेन गाईड. चेनच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, त्यामुळे ती घसरायला जागाच नाही. विसरभोळ्यांना हाच बरा. मात्र सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या, जाडीचा क्लॅम्प (आवळून बसवायची पकड) मिळायला हवा, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्याचे स्क्रू गंजतात. ग्रीस लावूनच बसवा.

मी गाईड बसवलं. तरी चेन दर आठवड्याला पुसून तेल देतोच, कारण गंजून आखडलेली कडी गाईडलाही ऐकत नाही. उतरलीच तर मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) दांडा पुढे ढकला, चेन सैल पडेल. ती चक्राच्या वरच्या दातांवर अडकवून पेडल पुढे फिरवा. हात काळे होणारच, पिशवीत फडकं ठेवा.