अ‍ॅमेझॉन असोसिएट्स: नवख्याने मोबाईल सोडून मिक्सर का धरावा

मिरजेत माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बिघाड सांगता सांगता हमखास विचारतं, "नवीन घ्यायचा झाला तर कुठला घेऊ?" याच प्रश्नाची उत्तरं मी मराठीत लिहितो आणि खाली अ‍ॅमेझॉन असोसिएट्सची लिंक देतो. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की मला कमिशन मिळतं, घेणाऱ्याला त्यापायी एक रुपयाही जास्त पडत नाही. हे काम नव्याने सुरू करू पाहणारे बरेच जण मला विचारतात, म्हणून या सेवेबद्दल आणि त्याहून जास्त विषयाच्या निवडीबद्दल लिहितोय.

सेवा म्हणून ही योजना नवख्यासाठी चांगली आहे. ती 1996 पासून चालू आहे आणि नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. स्वतःची वेबसाइट किंवा यूट्यूब चॅनेल हवं, पॅन आणि बँक खातं हवं. पण नाव नोंदवल्यापासून 180 दिवसांत 3 विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं यात धरत नाहीत. लिंकवर टिचकी मारल्यापासून 24 तासांत गिऱ्हाइकाने जे घेतलं त्यातल्या बहुतेक वस्तूंवर कमिशन मिळतं, मग तो मिक्सर असो की चादर. माल परत गेला की कमिशनही गेलं. लेखात किंमत हाताने लिहायची नाही, कारण ती सारखी बदलते, आणि तिथल्या गिऱ्हाइकांची मतं उचलून आपल्या लेखात चिकटवायची नाहीत. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. आपण वस्तू हाताळलीच नसेल तर लिहायला काही उरतच नाही.

म्हणूनच विषय असा धरावा जो रोज आपल्या हाताखालून जातो.

बहुतेक पोरं मोबाईलकडे धावतात. मोबाईलवर कमिशनचा दर स्वयंपाकघरातल्या सामानापेक्षा बराच कमी असतो. मोठ्या चॅनेलवाल्यांना कंपन्या फोन बाजारात येण्याआधीच पाठवतात आणि सहा महिन्यांत ते मॉडेल जुनं होतं. जीव ओतून लिहिलेला लेख दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. वजन कमी करण्याच्या पावडरी, शेअर बाजाराचे कोर्स यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. तिथे चुकीच्या सल्ल्याने माणसाचं खरंच नुकसान होतं.

मिक्सरचं तसं नाही. एकच मॉडेल वर्षानुवर्षं विकलं जातं, घेणाऱ्याचे प्रश्न तेच राहतात आणि ते तपासायला लागतं ते सगळं आपल्या स्वयंपाकघरात असतं. माझी पहिली परीक्षा चटणीच्या भांड्याची. ओलं खोबरं, दोन मिरच्या, कोथिंबीर, चमचाभर पाणी, एवढंच घालायचं. बऱ्याच मिक्सरमध्ये इतकं कमी जिन्नस पात्याखाली येतच नाही, कडेला उडून चिकटतं आणि दर दहा सेकंदांनी झाकण काढून चमच्याने खाली ढकलावं लागतं. दोन माणसांच्या घराला वॅटपेक्षा हे कळणं जास्त गरजेचं आहे. दुसरी परीक्षा शेंगदाण्याच्या कुटाची. थांबत थांबत फिरवल्यावर कूट मोकळा पडला पाहिजे, तेल सुटून गोळा होता कामा नये. तिसरी भिजवलेल्या उडदाच्या डाळीची, पाणी अगदी कमी घालून. मोटर खरी दमते ती इथे. भांडं काढून बुडाला हात लावा, वास घ्या, आवाज दबला का ते ऐका आणि जे जाणवलं ते तसंच लिहा.

मग मिक्सर उलटा करा. लेबलवर वॅट आणि किती मिनिटं चालवायचा ते लिहिलेलं असतं, बुडाला ओव्हरलोडचं लाल बटण असतं. जास्त ताण आला की ते उडतं, थंड झाल्यावर दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो. दुकानात "मोटर जळली" म्हणून येणाऱ्या कित्येक मिक्सरचं हे बटणच उडालेलं असतं. ही एक गोष्ट ज्या लेखात आहे त्याच्यावर वाचक विश्वास ठेवतो. तसंच कपलरचं. मोटरवरच्या आणि भांड्याखालच्या त्या दातेरी तुकड्याची झीज झाली की मोटर घुर्रर फिरते आणि पातं जागचं हलत नाही. कपलर, वायसर, झाकणाचा रबर ही माणसं पुन्हा पुन्हा शोधतात. किरकोळ वस्तू, कमिशनही किरकोळ, पण पहिल्या तीन विक्री इथूनच लवकर होतात.

वॅटबद्दल साफ सांगा. रोजच्या चटणी-वाटणाला 500 वॅटचा पुरतो. डोसा-वड्याचं वाटण, सुकं खोबरं, घरगुती मसाला वरचेवर असेल तर 750 चा घ्यावा. वर्षाचा कांदा-लसूण मसाला आमच्याकडे डंकावरच, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीतच, जातो. त्यासाठी महागडा मिक्सर घ्या असं मी कुणालाही लिहीत नाही, भले कमिशन जास्त मिळो.

आणखी एक, कमिशन मिळतं हे लपवू नका. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, 2021 ची नियमावली आणि ग्राहक व्यवहार खात्याच्या 2023 च्या सूचना दोन्ही तेच सांगतात. वाचकाला पहिल्या नजरेत दिसेल अशा जागी लिहा, तळाशी बारीक अक्षरात नको. मी लेखाच्या दुसऱ्याच ओळीत लिहितो. त्यामुळे वाचक पळून जाईल अशी भीती बाळगू नका, उलट तो मोकळेपणाने प्रश्न विचारतो.

तुमचा विषय मिक्सरच असावा असं नाही. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी शिलाई मशीन आणि कात्र्या धराव्यात, गच्चीवर भाजी लावणाऱ्याने कुंड्या आणि ठिबकचे संच, शिकवणी घेणाऱ्याने टेबललॅम्प आणि लिहायचे फळे. विषय धरण्याआधी वाचकाचे वीस प्रश्न कागदावर लिहून बघा. बारा-तेरा प्रश्नांची उत्तरं कुठेही न शोधता देता आली तर सुरुवात करा. महिन्याभरात पगाराएवढं मिळावं अशी निकड असेल तर मात्र या योजनेत येऊ नका. कमिशन विक्रीनंतर साधारण दोन महिन्यांनी हातात पडतं आणि सुरुवातीला ते थोडंच असतं. माझ्याकडून सेवेला पाचपैकी चार. एक कापला तो 24 तासांच्या मुदतीसाठी, कारण आपल्याकडे मिक्सर घेण्याआधी घरात दोन दिवस चर्चा चालते.