पॉलीटॅब: गोळीबारात गेलेल्यांची भित्तिचित्रं या कापडावर किती टिकतात?

फिलाडेल्फियात गोळीबारात गेलेल्या एखाद्या पोराचा चेहरा तीन मजली भिंतीवर दिसतो. तो पुष्कळदा त्या भिंतीवर रंगवलेला नसतो. आधी कापडावर, टेबलावर रंगवतात आणि मग भिंतीला डकवतात. ते कापड म्हणजे पॉलीटॅब. भित्तिचित्रकार त्याला पॅराशूट क्लॉथ म्हणतात. पॉलिएस्टरचं, न विणलेलं, पातळ आणि पांढरं असं हे कापड, हातात घेतलं तर कॉलरच्या आतल्या मऊ अस्तरासारखं लागतं. तिथल्या म्यूरल आर्ट्स या उपक्रमाची सुरुवात १९८४ साली झाली आणि त्यांच्या कामात हे कापड नेहमीचं झालं आहे. स्मृतिचित्रासाठी ते कसं आहे, तेवढंच इथे पाहू.

त्याचा सर्वांत मोठा गुण हा की ते माणसांकडे नेता येतं. ज्या आईचा मुलगा गेला तिला परांचीवर चढवता येत नाही, पण चर्चच्या तळघरातल्या टेबलावर ती दोन तास बसून त्याच्या शर्टाची बाही रंगवू शकते. २००४ साली जर्मनटाउन ॲव्हेन्यूवर ‘हीलिंग वॉल्स’ ही दोन भित्तिचित्रं झाली. एक भिंत गुन्ह्याची झळ बसलेल्यांच्या वाटचालीची, दुसरी कैद्यांच्या. त्यातले काही भाग ग्रेटरफोर्डच्या तुरुंगात कैद्यांनीच रंगवले. भिंत तुरुंगात नेता येत नाही, कापडाची गुंडाळी नेता येते.

काम असं चालतं. भिंत ३० फूट रुंद आणि २० फूट उंच धरा. मूळ रेखाटन ३० इंच बाय २० इंचाचं करायचं, म्हणजे कागदावरचा १ इंच म्हणजे भिंतीवरचा १ फूट. कापडाचे ५ फूट बाय ५ फुटांचे २४ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या मागे ओळ आणि रकाना लिहायचा, वरची बाजू बाणाने दाखवायची. बाण विसरला तर आभाळाचे तुकडे उलटसुलट होतात आणि ते डकवल्यावरच कळतं. मग रेषा उतरवून प्रत्येक आकारात रंगाचा क्रमांक टाकायचा. चित्रकलेचा गंध नसलेला माणूसही क्रमांक बघून नीट रंग भरतो.

कापड सच्छिद्र आहे, हे विसरू नका. आधी प्रायमरचा पातळ हात दिला नाही तर रंग पार होऊन टेबलाला चिकटतो आणि सोलून काढताना कापड ताणलं जातं. खाली प्लास्टिक हवंच. रंग मात्र कापडाच्या मागच्या बाजूला थापले जाऊ देऊ नका, कारण भिंतीला डकवायचं ॲक्रिलिक जेल तीच बाजू धरते. रंगवलेले तुकडे एकमेकांवर ठेवताना मध्ये प्लास्टिकचा पातळ कागद घाला. सुकलेला ॲक्रिलिक रंगही दाबाखाली दुसऱ्या रंगाला चिकटतो. गुंडाळी करताना रंगाची बाजू बाहेर.

चेहऱ्याबद्दल आमचं मत ठाम आहे: तो एकाच चित्रकाराने करावा आणि सांधा डोळ्यांतून किंवा ओठांतून जाऊ देऊ नये. चौकोन सोडून कापड चेहऱ्याच्या कडेने कापायला काहीच हरकत नाही, सांधा केसांच्या किंवा कॉलरच्या कडेत लपतो. घरच्यांकडे बहुधा फोनवरचा एखादा लहान फोटो असतो. त्याचे डोळे मोठे केले की नुसते चौकोनी ठिपके उरतात. अशा वेळी दुसऱ्या फोटोंवरून डोळे जुळवून घ्यावेत, अंदाजाने भरू नयेत. आईला फरक पहिल्या नजरेत कळतो. रेखाटन, नावाचं स्पेलिंग आणि दोन्ही वर्षं घरच्यांना दाखवून लेखी होकार घ्या. त्वचेचे रंग एकदम, लागतील त्याहून जास्त कालवा. ॲक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं आणि तीच छटा दुसऱ्यांदा हाताला लागत नाही.

डकवण्याचा भाग सर्वांत नाजूक. भिंत धुऊन, सुटे पोपडे खरवडून, भेगा भरून प्रायमर द्यायचा. मग भिंतीवर जाड ॲक्रिलिक जेल, कापडाच्या पाठीवर पातळ हात. मधून कडांकडे प्लास्टिकच्या पट्टीने हवा काढत यायचं. सांध्यांवर आलेलं जेल ओल्या स्पंजने लगेच पुसा. ओलं असताना ते पांढरं दिसतं, सुकल्यावर पारदर्शक होतं, पण पुसलं नाही तर चेहऱ्यावर चकाकणारा डाग कायमचा राहतो. हवा ५० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर थांबा, जेल नीट धरत नाही. कडक उन्हातही घाई नको, जेलवर साय येते आणि खाली पोकळी राहते. फुगा राहिलाच तर धारदार पात्याने छोटा छेद देऊन सिरिंजने जेल भरा आणि दाबा.

आता दोष. कापडाचा दोष म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा भिंतीचं असतं. फिलाडेल्फियात घरं एकमेकांना लागून असतात. शेजारचं घर पाडलं की मधली विटांची भिंत उघडी पडते आणि भित्तिचित्रासाठी तीच मिळते. ती पावसासाठी बांधलेली नसते. वरच्या कठड्यातून किंवा फुटक्या पन्हळीतून पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट शोधतं आणि जेलच्या थरामागे अडतं. हिवाळ्यात ते गोठून फुगलं की कापड फोडांसारखं उचललं जातं. विटांवर लोणा दिसत असेल तर आधी छप्पर दुरुस्त करा, चित्र नंतर. आणि शेजारच्या मोकळ्या जागेचा मालक कोण, हे आधी विचारा. तिथे इमारत उठली की चांगलं डकवलेलं चित्रही झाकलं जातं आणि घरच्यांना ते बांधकामाच्या पहिल्या दिवशी कळतं, हे फार वाईट.

दुसरा दोष वेळेचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात स्प्रेने होणारी स्मृतिचित्रं एक-दोन दिवसांत उभी राहतात, मेणबत्त्या अजून जळत असतात. कापडाला सभा, रेखाटन, रंगकाम धरून महिने लागतात. गल्लीला आत्ता, याच आठवड्यात काही हवं असेल तर स्प्रेच योग्य. शिकागोत २०१९ साली उभारलेलं काचेच्या विटांच्या घरांचं स्मारक तर वेगळ्याच वाटेने जातं. प्रत्येक घरात ७०० विटा, कारण अमेरिकेत आठवड्याला सरासरी तेवढे जीव बंदुकीने जात होते. विटांत घरच्यांनी दिलेल्या वस्तू ठेवतात: बुटांचा जोड, फोटो. वस्तू जे सांगते ते रंगवलेला चेहरा सांगू शकत नाही. पण ते प्रदर्शन एका शहरातून दुसऱ्या शहरात जातं, भित्तिचित्र त्याच गल्लीत राहतं.

रंग निवडताना गेरू, उंबर (मातकट तपकिरी) यांसारखे मातीचे रंग टिकाऊ, काही भडक लाल-पिवळे उन्हात लवकर उतरतात. दक्षिणेकडच्या भिंतीवर हे जास्त जाणवतं. वरून पारदर्शक अतिनील-रोधक लेप द्यावाच. उरलेले रंग क्रमांकासह घट्ट डब्यात ठेवा आणि प्रत्येक छटेचं मिश्रण लिहून ठेवा.

नावं चेहऱ्याशेजारी उंचावर नकोत. ती हात पोचेल अशा उंचीवर, वेगळ्या पट्टीवर घ्या. नवीन नाव आलं तर पट्टीचा तेवढाच तुकडा टेबलावर रंगवून डकवता येतो. लोक येतात, अक्षरांवरून बोट फिरवतात, कधी कपाळ टेकवतात. म्हणून त्या पट्टीला लेपाचे दोन हात जास्त द्या आणि तिच्या कडा दर वसंतात नखाने तपासा: जिथे नख शिरतं तिथे लगेच जेल भरा.