डायपर बदलायला चेंजिंग टेबल, की जमिनीवरचं मेणकापड?

आमच्या घरात दोन्ही झालंय. मुलगा तीन महिन्यांचा असताना बाणेरच्या एका जोडप्याकडून साडेतीन हजारांना सेकंडहँड चेंजिंग टेबल आणलं, आणि तो दीड वर्षाचा व्हायच्या आत ते विकूनही टाकलं. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं म्हणत नाही.

तान्ह्या बाळासाठी टेबल वाईट नाही. सिझेरियननंतर बायकोला जमिनीवर बसणं-उठणं नको व्हायचं. कमरेच्या उंचीवर बाळ असलं की वाकावं लागत नाही. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत उभ्या उभ्या काम उरकण्यातलं सुख मीही उपभोगलंय. कुणाची पाठ दुखत असेल, घरात जुळी असतील, तर माझं पुढचं बोलणं थोडं कमी मनावर घ्या.

पण पोरगं चालायला लागलेलं असेल तर हिशेब बदलतो. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो आहे आणि उंची ८७ सेंटिमीटरच्या आसपास. आमच्या टेबलावर ११ किलोंपर्यंत असं छापलेलं होतं. १५ किलोंपर्यंत चालणारी टेबलंही मिळतात, पण त्यांच्यावरही पाय बाहेर लोंबणारच. शिवाय या वयात पोरं आडवी पडायलाच तयार नसतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की टेबलाला चारी बाजूंनी किमान २ इंचांचा कठडा हवा, आणि पट्टा बांधला तरी एक हात बाळावर हवा. मग क्रीमचं झाकण कुठल्या हातानं उघडायचं? जमिनीवर हा प्रश्नच नाही. तिथून पडून पडून पडणार कुठे?

तरी टेबल विकलं ते वजनामुळे नाही आणि पडण्याच्या भीतीनेही नाही. विकलं ते पाण्यामुळे.

ही टेबलं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की शी पुसायची असते. आमच्याकडे ती धुवायची असते. तान्हेपणी वाइप्सवर किंवा कोमट पाण्यातल्या कापसावर भागलं. वरणभात आणि केळं सुरू झाल्यावर भागेना. (आईचं मत तर पहिल्या दिवसापासून होतं की पुसणं म्हणजे नुसतं सारवणं.) मग आमची वरात अशी निघायची: पोराला उचलून बेडरूममधल्या टेबलावर ठेवा, डायपर काढा, वरवर पुसा, तसंच हातभर लांब धरून हॉल ओलांडून बाथरूममध्ये न्या, धुवा, ओलं पोर पुन्हा टेबलावर आणा. एकदा पाहुणे बसलेले असताना ही मिरवणूक हॉलमधून गेली, आणि त्या रात्री मला टेबलाचा पहिल्यांदा खरा राग आला. सगळ्या कामाचं केंद्र बाथरूम, आणि टेबल मात्र दुसऱ्या टोकाला. पुण्यातल्या टू बीएचकेच्या बाथरूममध्ये बादली, गीझर आणि वॉशिंग मशीननंतर टेबल काय, पाट ठेवायलाही जागा उरत नाही.

आता पोरगं थेट बाथरूममध्ये उभं राहतं. दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरतं, आम्ही पँटवाल्या डायपरच्या बाजूच्या शिवणी फाडतो, तो खालून काढून घेतो आणि मगाने धुतो. पाणी सोसवेल इतपतच कोमट ठेवायचं, आणि फरशीवर रबरी मॅट हवीच. मग बाहेर गोधडीवर मेणकापड, त्यावर सुती दुपटं. टिपून कोरडं करायचं, पाच मिनिटं तसंच उघडं पळू द्यायचं, आणि उभ्या उभ्याच नवी पँट चढवायची. मेणकापड तुळशीबागेतून आणलं. किंमत आता आठवत नाही इतकी किरकोळ. शूचा डायपर तर हॉलमध्ये, गॅलरीत, जिथे पोर सापडेल तिथे बदलतो.

टेबलाच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा: सामान एका जागी राहतं. मेणकापड सुरू झाल्यावर क्रीम सोफ्याखाली आणि डायपर कपाटात, असा आठवडा गेला. शेवटी हँडल असलेली प्लास्टिकची टोपली केली, ती सोबत फिरते. टेबलाच्या खालच्या फळ्या मात्र जुलैत कामाला आल्या होत्या. पावसात न वाळणारे कपडे पसरायला त्याच्याइतकी चांगली जागा आमच्या घरात नव्हती. शेवटी शेवटी ते तेवढंच काम करत होतं.

घरी तान्हं येणार असेल आणि टेबलावर मन बसलंच असेल, तर जुनं घ्या; आमचं दोन हजारांना गेलं. पोर चालतं असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. फक्त बाथरूमच्या दाराची आतली कडी आधी पोराचा हात पोचणार नाही इतकी वर बसवून घ्या. आमच्या चिरंजिवांनी एकदा मला बाहेर ठेवून ती लावली होती.