मांजाने चिरलेली मान आणि गाडीवरून पडून दुखावलेली मान

नागपुरात संक्रांतीच्या आगेमागे मानेच्या दोन केसेस हमखास, एक नायलॉन मांजाची अन दुसरी गाडीवरून आपटल्याची, अन लोक घाबरतात फक्त पहिलीला कारण रक्त दिसते. हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे तरी मांजा मिळूनच राहिला भाऊ! जखम बारीक रेघेसारखी, पण आत श्वासनळी किंवा मोठी रक्तवाहिनी कापलेली असू शकते. आवाज घोगरा झाला, जखमेतून बुडबुडे आले तर काही खरं नाही. स्वच्छ दुपट्टा दाबून धरा, गळ्याभोवती आवळू मात्र नका, अन थेट हॉस्पिटल. तिथे आधी श्वास सांभाळतात, मग सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, नाहीतर डायरेक्ट ऑपरेशन.

दुसरीत रक्ताचा थेंब नसतो, म्हणून मला तीच जास्त डेंजर वाटते. आमच्या गल्लीतला पोरगा पडला तर चौघांनी हातपाय धरून ऑटोत कोंबला, मान नुसती लटकत होती. मानेचे मणके सात, त्यातला एखादा मोडला असेल तर तेवढ्या हलवण्यात हातपाय लुळे पडू शकतात. १०८ येईपर्यंत डोकं सरळ धरून ठेवायचं, बस. पुढे कॉलर म्हणजे मान हलू न देणारा पट्टा, सीटी, हातापायाला मुंग्या असल्या तर एमआरआय. मणका जागेवर असला तर बरेचदा कॉलरवर भागते, सरकला तर ऑपरेशन करून प्लेट-स्क्रू. त्या पोराचं कॉलरवर निभावलं, नशीब.