किल्ल्याच्या तटाजवळ रान आहे? मग 'परवानगी आणून देतो' म्हणणाऱ्याला आधी हे विचारा

२,८८,५०० रुपये. एवढे एका दलालानं बांधकामाची खोटी परवानगी हातात देऊन नेले. यात पाया खणायला आणि सळई-खडीला गेलेले १,४०,००० धरलेले नाहीत. आकडा मुद्दाम लिहिते, कारण गावात कुणी पाच लाख सांगतंय, कुणी दहा, आणि 'शाळेतल्या बाई असून फसल्या' हे तर सगळेच सांगतायत.

तऱ्हा जुनीच. टोकन, मग फाइल, मग 'वरचे' पैसे, मग फोन बंद. आमचं रान देवगिरीच्या बाजूला, सासऱ्यांपासूनचं, मिस्टरांच्या वाट्याला आलेलं एक एकर. निवृत्तीचे पैसे आले, तिथं दोन खोल्या आणि ओसरी बांधायचं ठरलं. किल्ल्याजवळ परवानगी लागते एवढं ठाऊक होतं, म्हणूनच तर माणूस गाठला. चोरून बांधायचं असतं तर रातोरात पत्रे ठोकले असते, लोक ठोकतातच. टोकन ११,०००, नकाशाचे ३५,०००, 'दिल्लीच्या एनओसी'चे १,८०,०००, एनएच्या, म्हणजे बिगरशेतीच्या, सनदेचे ६२,५००. शेवटचे तेवढे फोनवरून, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर, बाकी रोख. सरकारी फी चलनानं भरतात, कुणाच्या बायकोच्या खात्यात नाही. पावती मागितली तर ज्यांनी हा माणूस आणला ते आमचे भाऊजीच म्हणाले, "वहिनी, घरच्या माणसावर एवढा पण भरवसा नाही का?"

रात्री झोप लागत नाही ती मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. बांधावर उभं राहून त्यानं मोबाइलवर अंतर मोजलं ते डोंगरावरच्या बालेकिल्ल्यापासून. माझ्या पाठीमागं अंबरकोटाचा, म्हणजे किल्ल्याच्या बाहेरच्या कोटाचा, तट, त्याच्या सावलीला शेळ्या बसलेल्या. मी म्हणलं, "अहो, हा तट पण किल्ल्याचाच ना?" तो हसला. "मॅडम, तो पडका आहे. पडक्याला कसला कायदा?" आणि मी गप्प बसले! चौथीच्या पोरांची सहल घेऊन त्याच किल्ल्यावर जाणारी, महाकोट-अंबरकोट फळ्यावर लिहून देणारी मी. पण त्यानं लागलीच शेजारचं घर दाखवलं, "यांचं झालंच की." डोळ्यांसमोर चार भिंती उभ्या असताना कुणाला शंका येईल? ते घर १९९२ च्या आधीचं, त्याला मिळाली होती ती नुसती दुरुस्तीची परवानगी. हे मला कळलं पुरातत्त्व खात्याची नोटीस आल्यावर.

अंतर बालेकिल्ल्यापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात. तिथून १०० मीटर प्रतिबंधित, तिथं नवं घर नाहीच, ओळख कुणाचीही असो. पुढचे २०० मीटर विनियमित, तिथं राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर परवानगी मिळू शकते. २०१० च्या दुरुस्तीनं हे प्राचीन स्मारकांच्या कायद्यातच घातलंय, आणि वेरूळ, अजिंठा, पितळखोरा, बीबी का मकबरा सगळीकडं तेच. आमचा पाया मोजणीत ७१ मीटरवर निघाला. म्हणजे त्यानं आणलेलं पत्र खरं असणं शक्यच नव्हतं. पत्रावर क्यूआर कोड होता. भाचीनं स्कॅन केला तर त्याच पत्राचा फोटो उघडला, बस्स. अर्ज ऑनलाइन असतो. अर्ज क्रमांक मागा, आणि मोबाइल नंबर आपला टाकलाय का ते बघा. आमच्या पत्रावर क्रमांकच नव्हता.

आता साहेबलोकांचं ऐका. सनद घेऊन महसूलच्या कार्यालयात गेले तर "असा अर्जच आमच्याकडं नाही." मग हा शिक्का कुणाचा? "शिक्के काय, बाहेर कुणीही करून देतं." असं हसत सांगितलं! तुमच्या नावाचा शिक्का बाहेर फिरतोय आणि तुम्हाला हसू येतंय? तक्रार लेखी द्या म्हणाले. दिली. पोच द्यायला बाबू जेवायला गेलेला. ऑनलाइन तक्रार केली, ती कुणी फोनसुद्धा न करता 'निकाली'. पोलिसांत गेले तर "हा दिवाणी मामला." बनावट सरकारी पत्र दिवाणी कसं? मग म्हणाले पैसे शहरात दिले, तिकडं जा. तिकडचे म्हणाले जमीन जिथं तिथं जा. आणि वर दम, "बाई, बांधकाम तुम्ही केलंय, दोन वर्षं कैद नाहीतर लाखाचा दंड, माहितीये ना?" हे कलम तेवढं त्यांना तोंडपाठ. तटाजवळ खड्डे खणले जात असताना रस्त्यानं जाणाऱ्या एकाही गाडीला ते दिसले नाहीत, नोटीस मात्र सळई बांधून झाल्यावर.

हद्द कुणाची असो, गुन्हा नोंदवून घेऊन पुढं पाठवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तिथंही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं. हे मला वकिलानं सांगितलं, त्याची फी वेगळी. आणि पाया खणायच्या आधी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून केंद्राच्या पुरातत्त्व खात्याला माहितीच्या अधिकारात विचारा, आमचा गट हद्दीपासून किती मीटर. लेखी उत्तर येतं. दलालाच्या मोबाइलवरचं मीटर घेऊ नका.

तो माणूस आता वेरूळच्या बाजूला फिरतोय असं ऐकलं. तसलं क्यूआरवालं पत्र तुमच्याकडं असेल तर फाडू नका, घेऊन माझ्याबरोबर चला. एकट्या बाईला ते परत पाठवतात, पाच-सहा जण तक्रारी घेऊन उभे राहिले तर निदान खुर्ची तरी देतील.